पेपच्या २८ दिवसांत यकृत कसं सांभाळायचं

रात्रपाळीत हातमोज्यातून सुई आत गेली की पहिल्यांदा एचआयव्ही आठवतो. गोळ्या सुरू होतात, दोन दिवस मळमळतं, तोंडाची चव जाते, आणि मग कुणीतरी जवळचं माणूस हळूच सांगतं, "जपून हं, या गोळ्यांनी लिव्हर जातं." माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत या एका वाक्यापायी पेप अर्धवट सोडणारे बरेच पाहिले. गोळ्यांनी खरोखर यकृत बिघडलं म्हणून त्या थांबवाव्या लागलेले फार थोडे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पेप म्हणजे एचआयव्हीशी संपर्क आल्याची शक्यता असेल तर विषाणू शरीरात घर करण्याआधी घ्यायचं औषध. लागण टाळण्यासाठीचं औषध आहे ते, लागण झाल्यानंतरचं नव्हे. दवाखान्यात सुई टोचलेली सिस्टर, डोळ्यात रक्त उडालेला इंटर्न, कचऱ्याची पिशवी उचलताना सुई लागलेल्या मावशी, कंडोम फाटलेलं जोडपं, लैंगिक अत्याचार सोसलेली बाई, या सगळ्यांसाठी ते आहे. भारतात सरकारी केंद्रांवर प्रौढांना साधारणपणे एकाच गोळीत तीन औषधं मिळतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम. एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रात, हिला टीएलडी म्हणतात. रोज एक, २८ दिवस.

ही भीती आली कुठून?

ती हवेतून आलेली नाही. १९९७ ते २००० या काळात नेव्हिरॅपिन नावाचं औषधही पेपमध्ये दिलं जात होतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जानेवारी २००१ मध्ये त्याचे २२ गंभीर दुष्परिणाम प्रसिद्ध केले. त्यांतल्या १२ जणांच्या यकृताला इजा झाली होती. सुई टोचल्यानंतर हे औषध घेणाऱ्या ४३ वर्षांच्या एका आरोग्य कर्मचारी स्त्रीचं यकृत पूर्ण निकामी झालं आणि प्रत्यारोपण करावं लागलं. एका सुईच्या टोचणीपायी एवढं! त्यानंतर पेपमधून नेव्हिरॅपिन गेलं ते गेलंच.

यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. नेव्हिरॅपिनचा यकृतावरचा हा हल्ला बराचसा प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियेतून होतो. एचआयव्ही असलेल्या रुग्णांतही ज्यांच्या सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) जास्त, त्यांना धोका जास्त दिसला: स्त्रियांमध्ये २५० च्या वर, पुरुषांमध्ये ४०० च्या वर. पेप घेणारा माणूस तर धडधाकट असतो, त्याच्या पेशी भरपूर. म्हणजे जे औषध रुग्णाला मानवू शकतं तेच निरोगी माणसाच्या जिवावर उठू शकतं. घरातल्या कुणाच्या उपचारातल्या गोळ्या उसन्या घेऊन पेप सुरू करू नका असं मी कळवळून सांगते, त्याचं कारण हेच. गोळी कुठली हे ठाऊक असायलाच हवं.

जुन्या माहितीत आणखी एक औषध भेटेल, ॲटाझॅनाविर. ते घेणाऱ्यांचे डोळे पिवळे होतात. पण ते यकृत सुजल्यामुळे होत नाही. बिलिरुबिनवर, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या द्रव्यावर, प्रक्रिया करणारं एक विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं, म्हणून पिवळेपणा दिसतो. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारा आकडा, सरळ असतो आणि औषध थांबलं की रंग उतरतो. आजच्या टीएलडीत यातलं काहीच नाही, तरी "पेपने कावीळ होते" ही जुनी गोष्ट अजून फिरते आहे.

टीएलडीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. यकृताला त्यांचं ओझं फारसं होत नाही. डोल्युटेग्रॅविरवरची प्रक्रिया मात्र यकृतातच होते, आणि क्वचित कुणाचे यकृताचे आकडे वाढतात. ज्यांना आधीपासून हिपॅटायटिस बी किंवा सी आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. फार दुर्मीळपणे ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते: ताप, अंगावर पुरळ, तोंडात फोड आणि सोबत यकृताला सूज. ती आली तर त्या दिवशी पुढची गोळी न घेता थेट दवाखाना.

पहिले दोन तास

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर डोळा साध्या पाण्याने भरपूर धुवा. मग लगेच कॅज्युअल्टी किंवा एआरटी सेंटर गाठा. गोळी शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत पोटात गेली पाहिजे. ७२ तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही.

आता यकृताशी थेट संबंध असलेली गोष्ट: रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत पहिली गोळी थांबवायची नाही. "आधी एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) बघू, मग ठरवू" असं म्हणत सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहिलेले लोक मला माहीत आहेत. एका डोसने यकृताचं काही बिघडत नाही. हुकलेली वेळ मात्र परत मिळत नाही. रक्त द्या, गोळी घ्या, रिपोर्टनंतर पुढचं ठरवा. ज्याचं रक्त होतं त्या व्यक्तीची तपासणी निगेटिव्ह आली तर डॉक्टर गोळ्या थांबवतीलही. तेवढ्या दोन-चार गोळ्यांनी नुकसान नाही.

कायद्याने तुम्ही कुठे उभे आहात तेही लक्षात असू द्या. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार जिथे कामात असा संपर्क होऊ शकतो अशा आरोग्यसेवेच्या ठिकाणी, मग ते खासगी असो की सरकारी, कर्मचाऱ्याला पेप पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. यात मावशी, मामा, कंत्राटी सफाई कामगार सगळे आले. लैंगिक अत्याचारानंतर तर कुठल्याही रुग्णालयाने, सरकारी किंवा खासगी, प्राथमिक उपचार मोफत द्यायलाच हवेत. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

पहिल्या दिवशीचं रक्त

पहिल्या दिवशी एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी शरीरात आहे का ते सांगणारी तपासणी), हिपॅटायटिस सीची ॲन्टीबॉडी, मूत्रपिंडासाठी सीरम क्रिएटिनिन आणि यकृताचे एसजीपीटी-एसजीओटी, शक्य असेल तर बिलिरुबिनही, हे सगळं झालं पाहिजे. गडबडीत कधीकधी फक्त एचआयव्हीचं रक्त जातं. तुम्ही स्वतः आठवण करा.

पहिला एसजीपीटी इतका महत्त्वाचा का? समजा दोन आठवड्यांनी तो ७८ आला. पहिल्या दिवशी तो २५ होता की ७५, हे माहीत नसेल तर त्या ७८ चा अर्थ लावणार कसा? आपल्याकडे पोट सुटलेल्या, मधुमेह असलेल्या कितीतरी लोकांना फॅटी लिव्हर असतं आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. आयुष्यात पहिल्यांदा एलएफटी होते ती पेपच्या निमित्ताने, आणि जुनं दुखणं नव्या गोळीच्या माथी मारलं जातं.

डॉक्टरांना त्याच वेळी हे सांगा, न विचारलं तरी: पूर्वी कावीळ झाली होती का, दारू किती आणि कधी, टीबीची औषधं चालू आहेत का, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेहाची मेटफॉर्मिन किती, आणि आयुर्वेदिक, गावठी, जिमची पावडर असं काय काय पोटात जातं. लाजू नका. दारूचं प्रमाण सांगताना लोक निम्मं सांगतात, आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत बसतात.

हिपॅटायटिस बी, खरी काळजी इथे आहे

या लेखातलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण १००० मध्ये ३. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला बी असलेल्या रक्ताची सुई टोचली तर तीच शक्यता १०० मध्ये ६ ते ३० इतकी असते. त्या एका सुईने तुमच्या यकृताला असलेला सर्वांत मोठा धोका गोळ्यांचा नाही, हा आहे. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, म्हणजे कचऱ्यातली कालची सुईसुद्धा साधी समजू नका. लसीचे तीन डोस झाले असतील आणि ॲन्टीबॉडीचा टायटर (रक्तातलं प्रमाण) कधी १० किंवा त्याहून जास्त आला असेल तर बीबाबत तुम्ही निश्चिंत. लस झालेलीच नसेल तर त्याच दिवशी पहिला डोस घ्या. ज्याचं रक्त होतं त्याला बी असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार ॲन्टीबॉडीचं, इंजेक्शनही लागतं, जमेल तर २४ तासांत, फार तर सात दिवसांत. पेपच्या धांदलीत हे इंजेक्शन विसरलं जातं. विचारा, पाठपुरावा करा.

दुसरी बाजू अशी. तुमचाच एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर? म्हणजे बी तुमच्या शरीरात आधीपासून, कदाचित जन्मापासून, गुपचूप बसलेला आहे. टीएलडीतल्या तीनपैकी दोन औषधं, टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन, हिपॅटायटिस बीवरही काम करतात. २८ दिवस तो विषाणू दबून राहतो. २९व्या दिवशी गोळी बंद झाली की दाब सुटतो, आणि काही जणांत तो एकदम उसळतो. याला फ्लेअर म्हणतात. यकृताला जोराची सूज येते, क्वचित ते निकामीही होतं. या दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा चौकटीत छापलेला असतो, पण पेपच्या डबीतला तो कागद कोण वाचतं?

म्हणून एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्याने दोन गोष्टी करायच्या. पेप घ्यायचं, त्याला घाबरायचं नाही. आणि २८वी गोळी संपण्याआधी यकृताच्या डॉक्टरांना किंवा फिजिशियनना भेटून ठरवून घ्यायचं की टेनोफोविर पुढे चालू ठेवायचं की थांबवून लक्ष ठेवायचं. त्यासाठी बीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) आणि यकृताची अवस्था पाहतात. थांबवलं तर पुढचे काही महिने ठरावीक अंतराने एसजीपीटी करत राहायचं. गोळ्या संपल्या, सुटलो, असं या माणसाने म्हणायचं नाही.

परदेशात काम करणाऱ्या आपल्या नर्सताईंनाही हे लागू आहे. तिथे गोळीचं नाव वेगळं असेल, लॅमिव्ह्युडिनऐवजी एमट्रिसिटाबिन असेल, टेनोफोविरचं नवं रूप असेल. बीवर तीही चालतात, म्हणून बंद करतानाची सावधगिरी तीच.

रोजची गोळी

ठरावीक वेळ पकडा. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही, त्यामुळे नवरात्राचे उपवास असोत की रमझानचे रोजे, गोळीच्या आड येत नाहीत. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, झोप उडत असेल तर सकाळी घ्या. हा त्रास बहुधा पहिल्या आठवड्यात ओसरतो. मळमळ म्हणजे यकृत बिघडलं असं नाही. कुठल्याही नव्या गोळीने पोट ढवळतं तसंच ते.

ॲन्टासिडचं मात्र बघा. छातीत जळजळतं म्हणून ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं गुलाबी औषध लोक सहज पितात. डोल्युटेग्रॅविर त्याला चिकटून आतड्यातच अडकतं, रक्तात पोचत नाही. टीएलडी ॲन्टासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त जेवणासोबत घेत असाल तर त्या एकत्र चालतात. गरोदर बायकांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण त्यांच्या या दोन्ही गोळ्या रोज चालू असतात.

मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टर तिचा दिवसाचा डोस १००० मिलिग्रॅमच्या आत आणतात. टीबीच्या रिफाम्पिसिनने डोल्युटेग्रॅविर रक्तात लवकर संपतं, म्हणून त्या रुग्णाला ते १२ तासांनी आणखी एकदा द्यावं लागतं. फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनीही आधीच सांगायला हवं. टीबीचं औषध घेणाऱ्याचं यकृत तर आधीच आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड यांच्या कामाला जुंपलेलं असतं. त्याचा एसजीपीटी वाढला तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा लागतो.

स्वतःहून पोटात घालू नये असं

मी स्वतः पेप घेतलं तेव्हा जुन्या गोळ्या होत्या, झिडोव्ह्युडिन आणि लॅमिव्ह्युडिन. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. शेजारच्या काकूंनी मायेने "लिव्हरचा काढा" आणून दिला. गोळ्यांची उष्णता उतरेल म्हणाल्या. मी नर्स असूनही दिवसातून दोनदा प्यायले, कारण भीती वाटत होती आणि कुणीतरी आपली काळजी करतंय हे बरं वाटत होतं. दोन आठवड्यांनी एसजीपीटी १६० च्या घरात. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायच्या आधी एकच प्रश्न विचारला: "सिस्टर, याशिवाय आणखी काय घेताय?" काढा थांबवला, गोळ्या चालू ठेवल्या, दहा दिवसांनी आकडा निम्म्यावर आला. काढ्यानेच झालं असं छातीठोक मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून प्रत्येकाला पहिला प्रश्न मी हाच विचारते.

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले असे सहा रुग्ण दिसले, आणि त्यांनी २०२१ मध्ये ते शोधनिबंधात मांडले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आपण सोडवायला नको. पण २८ दिवस गुळवेल, काढे, "लिव्हर टॉनिक", वजन उतरवायच्या पावडरी बाजूला ठेवायला काय हरकत आहे? यकृताचा एकही आकडा हलला तर दोष कुणाचा हे कळलं पाहिजे, आणि त्यासाठी संशयित कमी हवेत.

दारूची आणि टीएलडीची थेट मारामारी नाही. पण यकृताला सूज आणायला दारू एकटी पुरेशी आहे, शिवाय प्यायल्यावर गोळी चुकते. महिनाभर बंदच ठेवा. पॅरासिटामॉल लागलीच तर घ्या, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहा, आणि सर्दीच्या गोळीतही तीच असते हे विसरू नका. डायक्लोफेनॅकसारखी दुखणं मारणारी औषधं टेनोफोविरसोबत मूत्रपिंडाला त्रास देतात, तीही टाळा.

दुसऱ्या आठवड्यातला रिपोर्ट कसा वाचायचा

बहुतेक लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा ४० च्या आसपास असते. पुढचे आकडे ती ४० धरून देते. तुमच्या कागदावर वेगळी असेल तर त्या पटीत मोजा.

शंभरच्या आत, अंगाला काही त्रास नाही: गोळी चालू. आधीच्या रिपोर्टशी ताडून बघायचं, एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

शंभर ते दोनशे, त्रास नाही, बिलिरुबिन सरळ: गोळी सहसा चालू राहते, पण डॉक्टरांना त्याच दोन दिवसांत दाखवायचं. बाकीची औषधं, दारू, काढे तपासायचे, आणि आठवड्याच्या आत पुन्हा रक्त.

दोनशेच्या वर, म्हणजे मर्यादेच्या पाचपटीहून जास्त: त्याच दिवशी डॉक्टर. इथे औषध थांबवायचं किंवा बदलायचं ते ठरतं.

आणि एक जोडी आकड्यांची, जी पाहून आम्ही लगेच धावतो: एसजीपीटी तिपटीच्या वर (म्हणजे १२०) आणि सोबत बिलिरुबिन दुपटीच्या वर. एसजीपीटी नुसता वाढणं म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या आहेत. त्याच्या जोडीला बिलिरुबिनही साचू लागलं तर यकृताचं काम अडायला लागलंय. तिथे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासतात आणि रुग्णाला शक्यतो घरी सोडत नाहीत. एसजीपीटी तिप्पट आणि सोबत उलट्या, ताप, पुरळ असेल तरीही वाट पाहायची नाही.

औषध थांबवायचा निर्णय डॉक्टरांचा का, हेही सांगते. एचआयव्हीच्या रुग्णाला औषधाशिवाय पर्याय नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत थोडा त्रास सोसला जातो. पेप घेणारा निरोगी असतो, त्याची लागण होण्याची शक्यताही कमी असते, म्हणून त्याच्यावर गंभीर दुष्परिणाम लादायचा नसतो. पण गोळी बदलून २८ दिवस पुरे करता येत असतील तर तेच करायचं असतं. हा तोल घरी बसून साधत नाही.

आकडा वाढला की तीन साध्या गोष्टीही आठवा. आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जोर काढला होता का? स्नायू दमले की एसजीओटी आणि थोडा एसजीपीटीही वाढतो, सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी केली की उलगडतं. रक्त द्यायच्या आधी तीन दिवस जड व्यायाम नको. दुसरं, पावसाळा आहे का? जून ते सप्टेंबरमध्ये दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात. एसजीपीटी हजारांच्या घरात असेल तर गोळीआधी हे तपासा. तिसरं, सुई टोचून चार-सहा आठवडे उलटून गेल्यावर आकडा चढू लागला तर हिपॅटायटिस सी झाला का ते पाहायला हवं. त्या सुरुवातीच्या काळात ॲन्टीबॉडी निगेटिव्ह असू शकते, म्हणून थेट विषाणू शोधणारी आरएनएची तपासणी मागा. सी निघालाच तर तो औषधांनी जवळपास नेहमी पूर्ण बरा होतो. २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात त्याची औषधं मोफत मिळतात.

क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसलं तर यकृताच्या रिपोर्टशी त्याची गल्लत करू नका. डोल्युटेग्रॅविर मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे मूत्रपिंड शाबूत असूनही आकडा थोडा वर जातो. मोठी वाढ असेल तर मात्र टेनोफोविरचा विचार करावा लागतो.

घरी काय पाहायचं

डोळ्यांची बुबुळं नव्हे, पांढरा भाग पाहा, आणि तो दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांनाच कावीळ दिसते. लघवी राईच्या तेलासारखी गडद, शौच मातकट पांढरं, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नाचा वासही नकोसा होणं, अंगभर खाज, ही लक्षणं. बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर लघवी तशीही झगझगीत पिवळी होते, तिला घाबरू नका. घरच्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवा: माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, तर तो यकृताच्या बिघाडाचा फार गंभीर इशारा असतो. तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलवायची.

आणि डोळे पिवळे झालेच तर काविळीची माळ, नाकात थेंब सोडणारे, हाताला डाग देणारे यांच्याकडे जाऊ नका. मला यात कुणाच्या श्रद्धेला दुखवायचं नाही. पण औषधाने किंवा बीच्या उसळीने आलेली कावीळ दिवसांत नव्हे, तासांत बिघडू शकते, आणि तो वेळ माळ वाढण्याची वाट पाहण्यात गेलेला मी पाहिला आहे.

२८व्या दिवसानंतर

एचआयव्हीची तपासणी सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशी होते. हिपॅटायटिस बी, सी आणि एसजीपीटी तीन आणि सहा महिन्यांनी. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका. ज्यांनी बीची लस त्या दिवशी सुरू केली त्यांचा दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर करून घ्या. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर टायटरला घाई करू नका, कारण त्या इंजेक्शनातल्याच ॲन्टीबॉडी काही महिने रक्तात दिसतात आणि आकडा फसवा येतो. डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा.

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि वरच्या पानावर पाच ओळी लिहा: संपर्काची तारीख, गोळीचं नाव, पहिल्या दिवसाचा एसजीपीटी, एचबीएसएजी आणि टायटर. पुढे कधी पुन्हा सुई लागली, रात्रीचे तीन वाजले असले, हात थरथरत असले, तर समोरच्या डॉक्टरला या पाच ओळीच लागतील.